नव्या मुंबईकरणीसाठी थोडा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय शोधायला फार लांब जावे लागले नाही. दादर-माहीम भागातील जुन्या चाळी आणि दुमजली-तिमजली घरे एकामागून एक उतरली व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. या इमारतींतून परगावाहून कितीतरी नवी बिऱ्हाडे आली. कोणी लग्न होऊन आली, कोणी यजमानांच्या बदलीमुळे, कोणी स्वतःच्या नोकरीसाठी, तर कोणी मुलाकडे राहावयास. यांतल्या काही भगिनी आपल्या मंडळात येऊ लागल्या आहेत, आणि त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. दादर टी. टी. म्हणजे काय? पाऊस पडला की पाणी नेमके हिंदमातापाशीच का साचते? नळाला ठरावीक वेळीच पाणी का येते? गाडीत कोणत्या बाजूने उतरावे? या सर्व प्रश्नांच्या मागे आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र कोणी मोठ्याने विचारीत नाही. एवढ्या मोठ्या शहरात आपले कोण, आणि हे शहर आपले कधी होणार?

पहिल्या प्रश्नांची उत्तरे कोणीही शेजारीण देईल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, असे मला वाटते. म्हणून थोडा इतिहास आणि थोड्या उपयोगाच्या गोष्टी अशी मिसळ या लेखात केली आहे. जुन्या सभासदांना यातील काही ठाऊक असेल. त्यांनी ते पुन्हा एकदा गोड मानून घ्यावे.

हुंड्यात दिलेले शहर

मुंबई मुळात सात बेटांची. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे. भरतीच्या वेळी त्यांच्यामधून समुद्राचे पाणी खेळे आणि ओहोटीला चिखल उरे. येथे कोळी, आगरी, भंडारी नांदत होते. मासे, मीठ, नारळ व ताडी-माडी हा त्यांचा संसार. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसईच्या तहान्वये ही बेटे पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला आणि विवाहाच्या करारात मुंबई हुंडा म्हणून लिहून दिली गेली. राजाला या दूरच्या बेटांचे काही कौतुक नव्हते. त्याने १६६८ साली ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली.

ज्या कॅथरीनच्या लग्नात मुंबई दिली, तिने मुंबई जन्मात पाहिली नाही. हुंडा देताना नवरीला कोणी विचारत नाही, तसे या बेटांवरच्या माणसांनाही कोणी विचारले नाही. आपल्या देशात हुंडाप्रतिबंधक कायदा झाला तो १९६१ साली, म्हणजे त्या करारानंतर बरोबर तीनशे वर्षांनी. हा योगायोगच; पण स्त्रियांच्या मंडळाने लक्षात ठेवावा असा आहे.

शहराचे नाव मात्र राजाराणीचे नाही. ते मुंबादेवीचे. देवीचे जुने देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात इंग्रजांना कोटाच्या कामासाठी ती जागा हवी झाली, म्हणून देवीला तेथून हलवावे लागले. आज तिचे देऊळ झवेरी बाजाराला लागून आहे. थोडक्यात, ज्या देवतेच्या नावाने आपण राहतो तिलाही या शहरात एकदा बिऱ्हाड बदलावे लागले आहे. नव्या घरात सामान लावताना जीव घाबरा झाला तर एवढे आठवावे.

नसलेल्या वस्तूंची नावे

नव्या माणसाला मुंबईत सर्वांत गोंधळात टाकतात ती ठिकाणांची नावे. कारण नावात जे असते ते ठिकाणी नसते. चर्चगेटला गेट नाही. धोबी तलावाला तलाव नाही. गोवालिया टँकला टाके नाही. पायधुणीला पाय धुवायला पाणी नाही, आणि उमरखाडीला खाडी नाही. पण यांपैकी एकही नाव खोटे नाही.

फोर्ट भागाभोवती एके काळी खरोखरीचा कोट होता. त्याला दरवाजे होते आणि सेंट थॉमसच्या देवळाकडे जाणारा तो चर्चगेट. १८६० नंतरच्या काही वर्षांत कोट पाडला गेला. दरवाजाच्या जागेजवळ १८६४ साली फ्लोरा फाउंटन हे कारंजे उभे राहिले, आणि नाव पुढे रेल्वे स्टेशनला मिळाले. याच फ्लोरा फाउंटनपाशी १९५५ च्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, म्हणून तो आज हुतात्मा चौक आहे. तेथून जाताना क्षणभर थांबावे.

पायधुणी म्हणजे दोन बेटांमधल्या पाण्यातून चालत आल्यावर पाय धुण्याची जागा, असे सांगतात. शीव म्हणजे सीमा, मुंबई बेटाची वेस. दादर म्हणजे जिना किंवा पायरी. गोवालिया टँक बुजवून तेथे मैदान झाले. त्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'चले जाव'ची हाक दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी नेते तुरुंगात असताना अरुणा असफ अली यांनी तेथे झेंडा फडकविला. त्यानंतर थोड्याच दिवसांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतल्या घराघरांतून जागा बदलत गुप्त आकाशवाणी चालवू लागले. नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या. आज त्या मैदानाला ऑगस्ट क्रांती मैदान म्हणतात.

आता आपले दादर टी. टी. ही दोन अक्षरे म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईत १८७४ च्या मे महिन्यात घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९०७ मध्ये विजेची आली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला आली, आणि रुळांची कहाणी तेथे संपली. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली तरी टॅक्सीवाल्याला 'टी. टी.' म्हटले की पुरते.

काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. १९६५ मध्ये तो तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. पुढे बावन्न वर्षे त्या ठिकाणी घोडा नव्हता आणि नाव मात्र होते. अखेर २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसविण्यात आला, पण या वेळी स्वार नाही. मला तो अधिक आवडतो.

काही नावे झाडांची आहेत. चिंचपोकळीला चिंच, वडाळ्याला वड, फणसवाडीला फणस, ताडदेवला ताड, बोरिवलीला बोर. भेंडी बाजाराचे नाव भेंडीच्या झाडांवरून आले असे जाणते लोक सांगतात. इंग्रजांच्या बोलण्यातल्या 'बाजाराच्या मागे' या शब्दांचा तो अपभ्रंश आहे, अशी गमतीची कथाही प्रचलित आहे. चर्नी रोड म्हणजे चरणीचा रस्ता. कंपनी सरकारने मैदानावर गुरे चारण्यास कर बसविला, तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांनी ठाकूरद्वारजवळ जमीन विकत घेऊन गरिबांच्या गुरांना चरावयास मोकळी केली, अशी या नावाची हकीकत आहे.

यातून एक व्यवहाराची सूचना निघते. मुंबईत पत्ता विचारताना जुने आणि नवे अशी दोन्ही नावे ठाऊक असावीत. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८ पासून प्रभादेवी झाले. व्ही. टी.चे १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ मध्ये त्यात 'महाराज' हा शब्द आला. पाटीवर नवे नाव वाचावे. पण म्हाताऱ्या माणसाने जुने नाव सांगितले तर गोंधळू नये.

पाणी कोठे साचते आणि का

सात बेटांचे एक शहर झाले ते दोनअडीचशे वर्षांच्या भरावाने. त्यातले पहिले मोठे काम म्हणजे वरळीजवळचे खिंडार बुजविणे. तेथून भरतीचे पाणी आत शिरून बेटांमधला सखल भाग बुडवी. गव्हर्नर हॉर्नबी याच्या काळात, १७८४ च्या सुमारास, तो बांध पुरा झाला. हाच हॉर्नबी व्हेलार्ड. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी नावाच्या पाठारे प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवीने येऊन समुद्रातून आपल्याला बाहेर काढण्यास सांगितले. मूर्ती काढल्यावर बांध टिकला आणि महालक्ष्मीचे देऊळ झाले, अशी आख्यायिका आहे. नवरात्रात महालक्ष्मीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे की, त्या देवळाची कथा आणि शहराच्या जमिनीची कथा एकच आहे.

बांधामुळे जमीन मिळाली, पण ती सखलच राहिली. परळ-दादरच्या मधला हिंदमाताचा भाग बशीसारखा आहे; चोहोकडचे पाणी तेथे उतरते. शिवाय आपली गटारे शेवटी समुद्रालाच मिळतात. भरती मोठी असली म्हणजे समुद्राची पातळी गटारांच्या तोंडापेक्षा वर जाते, समुद्र आत येऊ नये म्हणून दारे लावून घ्यावी लागतात आणि पावसाचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. त्या वेळी ते पंपाने उपसावे लागते. म्हणून मुंबईत नुसता पाऊस पाहून भागत नाही, भरतीही पाहावी लागते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीचे दिवस पावसाळ्यापूर्वी महानगरपालिका जाहीर करते; ते कात्रण स्वयंपाकघरात लावून ठेवावे.

कात्रण नसेल तर दिनदर्शिका पुरे. तिथीची पाऊणपट केली की साधारणपणे पूर्ण भरतीची वेळ येते, असा कोकणपट्टीतला जुना हिशेब आहे. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास; मग दिवस असो की रात्र. पौर्णिमा व अमावास्या यांना आणि त्यापुढील एकदोन दिवस मोठे उधाण असते, आणि ते दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास येते. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो. पण मुलांना शाळेतून आणावयास केव्हा निघावे, एवढे ठरविण्यास हा हिशेब चालतो.

२६ जुलै २००५ या दिवसाबद्दल नव्या भगिनींनी ऐकले असेलच. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला मात्र शंभराच्या आत. म्हणजे एकाच शहरात दोन टोकांना दोन वेगळे दिवस होते. दक्षिणेतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय झाले याची कल्पना नव्हती. ते घरी जावयास निघाले आणि वाटेत अडकले. त्या रात्री अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, चहा-पोळी दिली, कोरडे कपडे दिले. त्यातून घ्यावयाचा धडा असा: मोठ्या पावसात निघण्याची घाई करू नये, आणि घराच्या व नोकरीच्या वाटेवर जिच्याकडे रात्र काढता येईल अशी निदान एक ओळख जोडून ठेवावी. हे काम भ्रमणध्वनीने होत नाही; त्यासाठी मंडळे लागतात.

सात तलावांचे पाणी

बेटे सात, तसे मुंबईला पाणी देणारे तलावही सात. पूर्वी लोक विहिरी व तलाव यांवर अवलंबून असत. वस्ती वाढली, विहिरी आटू लागल्या, तेव्हा १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी, १८९२ मध्ये तानसा, आणि १९५७ मध्ये वैतरणेवरचा मोडक सागर. मोडक सागर हे नाव अभियंते ना. वि. मोडक यांच्यावरून पडले. त्यानंतर अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा आले. विहार व तुळशी शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे पाणी दूरवरून, ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून येते. आपल्या दादरच्या रेल्वेरुळांलगतचा सेनापती बापट मार्ग जुन्या लोकांच्या तोंडी अजून तुळशी पाइप रोड आहे. तुळशी तलावाची नळवाट तेथून गेली म्हणून.

पाणी ठरावीक वेळी येते, कारण एवढ्या मोठ्या शहराला ते भागाभागाने वाटून द्यावे लागते. महापालिकेचा चावीवाला रस्त्यातल्या चाव्या फिरवून एका भागाचे पाणी बंद करतो व दुसऱ्याचे सोडतो. उंच इमारतीत टाकीमुळे हे कळत नाही, नळ केव्हाही वाहतो. पण शेजारच्या चाळीतली बाई पहाटे उठून पिंप भरीत असते. पाण्यासाठी स्त्रियांनी या शहरात लढे दिले आहेत. गोरेगावच्या मृणाल गोरे यांनी उपनगरातल्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून इतका पाठपुरावा केला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले, आणि त्याच नावाने त्या निवडणुका जिंकल्या.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर जातात आणि बाया हंडे घेऊन उभ्या असतात. आपल्या नळाला जे पाणी येते ते त्यांच्या डोंगरांवर पडलेले असते. पाणी जपून वापरा असे नव्या बिऱ्हाडाला सांगताना मी काटकसर हे कारण देत नाही. हे कारण देते.

रस्त्याच्या पाटीवरची बाई

आपण रोज 'एल. जे. रोड' म्हणतो. ही अक्षरे लेडी जमशेटजी यांची. त्यांचे नाव अवाबाई. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या त्या पत्नी. माहीम व वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती आणि लोक होडीने ये-जा करीत; पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार पूल बांधण्यास तयार होईना, तेव्हा अवाबाईंनी स्वतःच्या पैशातून १ लक्ष ५७ हजार रुपये दिले. येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घेता कामा नये, अशी अटही घातली. १८४५ च्या सुमारास माहीमचा तो रस्ता पुरा झाला. आज वांद्र्याहून दादरला येणारी प्रत्येक गाडी एका बाईच्या देणगीवरून येते. पण आद्याक्षरांत नाव दडल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

तसेच शिवाजी पार्कचे. हे मैदान १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झाले. १९२७ मध्ये शिवाजी महाराजांच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या वर्षी त्याला महाराजांचे नाव द्यावे असा आग्रह नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी धरला. मुंबई महापालिकेच्या पहिल्या स्त्री-सभासदांपैकी त्या एक. महात्मा गांधींचे मराठीतले पहिले चरित्र त्यांनीच लिहिले, आणि हिंद महिला समाज काढला. मैदानावर रोज फिरावयास जाणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे?

दादर-माटुंग्याचे रुंद रस्ते आणि बागाही सहज झाल्या नाहीत. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पाहतापाहता शहर रिकामे होऊ लागले. दाट वस्तीत हवा-उजेड नाही म्हणून रोग पसरतो, हे ध्यानात येऊन १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दादर, माटुंगा, वडाळा येथे नव्या वसाहती आखल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा ही त्या संकटाची फळे. रस्त्यावरचे जुने झाड तोडण्याची भाषा कोणी काढली, तर ते कशासाठी लावले गेले होते, हे सांगता आले पाहिजे.

रुग्णालयांचा विषय निघाला म्हणून कामा हॉस्पिटलचाही उल्लेख करते. १८८६ मध्ये केवळ स्त्रिया व मुले यांच्यासाठी ते सुरू झाले आणि एडिथ पीची या स्त्री-डॉक्टरकडे त्याची सूत्रे होती. पुरुष डॉक्टरला नाडी दाखविण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या बायकांसाठी ती केवढी सोय होती, हे आजच्या मुलींना कळणे कठीण आहे.

बायकांचा डबा

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी निघाली. डबे चौदा, इंजिने तीन, पाहुणे चारशे आणि अंतर ३४ किलोमीटर. पुढे १८६७ मध्ये पश्चिम किनाऱ्याने विरारची गाडी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्ही. टी. ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ स्त्रियांसाठी गाडी सुरू झाली. पहिल्या गाडीपासून येथवर यावयास एकशे एकोणचाळीस वर्षे लागली.

नव्या भगिनींना गाडीचे भय वाटते ते साहजिक आहे. काही साध्या गोष्टी पाळल्या तर भय जाते. चढल्याबरोबर 'दादर कोणत्या बाजूला येईल?' असे विचारावे आणि दोन स्टेशने आधी त्या बाजूला सरकावे. बसावयास जागा हवी असेल तर बसलेल्या बाईला 'कुठे उतरणार?' असे विचारून तिच्या जागेवर आपला नंबर लावावा. हा अलिखित कायदा सर्वजणी मानतात. बोरिवलीला उतरावयाचे असेल तर संध्याकाळी विरारच्या गाडीत चढू नये. लांबच्या प्रवासिनींना आपल्यामुळे जागा मिळत नाही, आणि त्या ते बोलून दाखवितात. दादरला फलाटांचा घोळ होत असे. २०२३ च्या डिसेंबरपासून पश्चिम रेल्वेचे फलाट १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ पासून पुढे अशी सलग मांडणी झाली आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

भीती एकदा गेली म्हणजे बायकांचा डबा हे चालते-फिरते महिला मंडळच आहे, असे दिसून येईल. तेथे भाजी निवडली जाते, विणकाम होते, डोहाळजेवणे आणि हळदीकुंकू होतात, दसऱ्याला डब्याला तोरण लागते. वर्षानुवर्षे एकाच वेळेची गाडी धरणाऱ्या बायकांची मैत्री सख्ख्या बहिणींपेक्षा घट्ट होते. एखादी चार दिवस दिसली नाही तर तिच्या घरी फोन जातो.

खानावळ, पापड आणि लाटणे

१८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली, आणि पुढे परळ-लालबागचे गिरणगाव उभे राहिले. कोकणातून व घाटावरून हजारो पुरुष एकटे आले. त्यांना दोन वेळचे जेवण घातले ते खानावळी चालविणाऱ्या बायकांनी, आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत. सावकाराच्या व्याजात त्या बुडत होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. त्या वर्षांत अनेक घरांची चूल बायकांच्या कष्टांवरच पेटत राहिली. आज जेथे काचेच्या इमारती चमकतात तेथे भोंगा वाजत होता, हे नव्या रहिवाशांनी विसरू नये.

गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात गुजराती गृहिणी गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. भांडवल होते उसने घेतलेले ऐंशी रुपये. तोच लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. १९७२ मध्ये तेच लाटणे दुसऱ्या कामासाठी बाहेर आले: मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या पुढाकाराने महागाईविरुद्ध सर्व पक्षांच्या स्त्रिया एक झाल्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या.

मुंबईकर कोण?

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे वळते. मुंबईत सर्वांत जुने ते कोळी. बाकी आपण सारे मागाहून आलो. कोणी तीनशे वर्षांपूर्वी, कोणी तीन महिन्यांपूर्वी. गव्हर्नर आंजियर याने सतराव्या शतकातच निरनिराळ्या जातिधर्मांच्या व्यापाऱ्यांना येथे बोलावून वसविले. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या खानेसुमाऱ्या पाहिल्या तर शहरातले बहुसंख्य लोक शहराबाहेर जन्मलेले दिसतात. म्हणजे आज जी घराणी स्वतःला अस्सल मुंबईकर म्हणवितात, त्यांतल्या पुष्कळांच्या पणज्या पदराला गाठ मारून, बोटीतून किंवा गाडीतून भांबावलेल्या डोळ्यांनीच येथे उतरल्या होत्या.

म्हणून जुन्या सभासदांना माझी विनंती आहे. नव्या शेजारणीला 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' असे जरूर विचारावे, पण ते ओळख वाढविण्यासाठी. माप काढण्यासाठी नव्हे. तिचे मराठी मोडके असेल तर हसू नये. आपल्या पणजीचे मराठीही गिरगावकरांना गावंढळच वाटले असेल.

आणि नव्या भगिनींना एवढेच सांगते: शहर आपले होण्याची वाट पाहत बसू नये. ज्या बाईकडून मासळी घेता तिचे नाव विचारावे. इमारतीला पाणी कोणत्या तलावाचे येते ते माहीत करून घ्यावे. आपल्या रस्त्याचे नाव कोणाचे, याचा शोध घ्यावा. अवाबाईंच्या पैशाने रस्ता झाला, अवंतिकाबाईंच्या आग्रहाने मैदानाला नाव मिळाले, खानावळवाल्यांच्या हातांनी गिरणगाव जेवले. त्यांना कोणी शहर बहाल केले नव्हते; त्यांनी त्यात काही भर घातली, आणि ते त्यांचे झाले. मंडळाचे दार सर्वांना उघडे आहे. येताना शेजारच्या नव्या बिऱ्हाडातली एक बहीण बरोबर घेऊन यावी, हीच या वर्धापनदिनी सर्वांना प्रेमाची विनंती.